मेकॅनिक्सचा पेपर सुटल्यावर उत्तरं कशी जुळवायची

"तुझं किती आलं?"
"एकशे त्र्याऐंशी."
"माझं तीनशे सहा."
"माझं पण तीनशेच्या आसपास."
"गेलं रे माझं."

दर सेमिस्टरला रत्नागिरीच्या रहाटाघर स्टँडवर हे असंच चालतं. डिप्लोमाची असोत की पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगची, मुलं लांजा, देवरूख, पावस, जयगडच्या गाड्यांची वाट बघत उभी असतात आणि पाच मिनिटांत तीन उत्तरांचा निकाल लावून मोकळी होतात. वरच्या संवादात बरोबर उत्तर एकशे त्र्याऐंशीच होतं. ज्याचं बरोबर होतं तोच "गेलं" म्हणून गाडीत बसला आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं पुस्तक त्याने उघडलंच नाही.

मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो. उत्तरं जुळवू नका, असं मी मुलांना सांगत नाही. सांगितलं तरी कोणी ऐकत नाही. पण जुळवायची तर ती क्रमाने जुळवावीत. मेकॅनिक्समध्ये शेवटचा आकडा हा सगळ्यात कमी सांगणारा भाग असतो. आकृती, गृहीतकं, समीकरण आणि मग आकडा, हा क्रम उलटला की बरोबर आलेलं चूक वाटतं आणि चुकलेलं बरोबर.

## १. तयारी: पेपर लिहितानाच

जुळवणीची निम्मी तयारी उत्तरपत्रिकेतच होते, आणि तिचा फायदा तपासणाऱ्यालाही होतो.

प्रत्येक समाच्या (सोडवायच्या गणिताच्या) सुरुवातीला तुम्ही काय धरलंय ते लिहा: गुरुत्वीय त्वरण ९.८१ की १०, कुठली दिशा धन, कोन कुठल्या रेषेपासून. एका ओळीचं काम आहे. एफबीडी, म्हणजे वस्तू सुटी दाखवून तिच्यावरची बलं काढलेली आकृती, मोठी काढा आणि त्यावर सगळी बलं नावानिशी दाखवा. शेवटच्या उत्तराला चौकट करा आणि आत एकक व दिशा लिहा. नुसतं '५०' हे उत्तर होत नाही. '५० न्यूटन, आडव्या रेषेशी ५३.१३°, वर उजवीकडे' हे उत्तर.

कॅल्क्युलेटर हॉलमध्ये शिरण्याआधी तपासा. पडद्यावर वरच्या बाजूला बारीक अक्षरात डी, आर किंवा जी असं काहीतरी दिसतं. डी म्हणजे डिग्री, आर म्हणजे रेडियन, जी म्हणजे ग्रेडियन. साइन ३० दाबा, ०.५ आलं तरच आत न्या. दुसऱ्याने हाताळलेला किंवा आदल्या रात्री गणिताच्या पेपरसाठी रेडियनवर ठेवलेला कॅल्क्युलेटर तसाच आत जातो. पुढे बघालच, यातून किती फसवा आकडा निघतो.

सावधान: प्रश्नपत्रिकेवर उत्तरं टिपून आणायचा मोह होतो. पहिल्या पानावरच्या सूचना वाचा. बहुतेक परीक्षांत आसन क्रमांकाशिवाय प्रश्नपत्रिकेवर काहीही लिहायला बंदी असते. जुळवणीसाठी कॉपीचा आळ ओढवून घेऊ नका.

## २. हॉलबाहेरची पहिली दहा मिनिटं

कोणाशीही बोलायच्या आधी एका बाजूला बसा आणि आठवतंय ते एका कोऱ्या कागदावर लिहून काढा. आधी बोललात की दुसऱ्याचा आकडा कानात शिरतो, आणि दहा मिनिटांनी तो आपलाच होता असं वाटायला लागतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मुलांना स्टँडवर जायच्या आधी कागद भरायलाच लावतो.

प्रत्येक उपप्रश्नासाठी चार गोष्टी लिहा:

- प्रश्न सोडवला की सोडला
- आकृतीचा छोटा ढाचा, त्यावर बलांच्या दिशा
- पहिलं समीकरण जे लिहिलं ते
- शेवटचा आकडा, एककासकट

चारही आठवली नाहीत तर आकडा सोडा, पण आकृती आणि समीकरण सोडू नका. आकडा परत काढता येतो. तुम्ही हॉलमध्ये घर्षणाचा बाण कुठल्या बाजूला काढला होता, हे मात्र संध्याकाळपर्यंत विसरायला होतं.

तपासा: उद्या पेपर आहे का? असेल तर हा कागद घडी करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाका. पुढचे सगळे टप्पे शेवटच्या पेपरनंतर. यात तडजोड करू नका.

## ३. कोणासोबत बसायचं

तीन किंवा चार जण पुरे. दहा जणांचं कोंडाळं झालं की मोठ्या आवाजाचा आकडा जिंकतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर फक्त आकडे येतात, मागचं समीकरण कोणी टाकत नाही. तिथे जुळवणी होतच नाही.

बसल्यावर पहिलं काम प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवायचं. वर छापलेला कोड बघा. केटीची, म्हणजे राहिलेला विषय परत देणारी, मुलं जुन्या अभ्यासक्रमाचा पेपर देतात, तुम्ही नव्या. दोन्हींत चढावरच्या ठोकळ्याचा सम असतो, फक्त कोन वेगळा असतो. अर्धा तास भांडून झाल्यावर पेपरच वेगळे निघालेत, असं माझ्यासमोर घडलंय.

पर्यायी प्रश्न कुणी कुठले सोडवले तेही याच वेळी बघून घ्या.

## ४. आधी प्रश्न जुळवा, मग आकृती

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

एक सम घेऊ. टेम्पोत जांभ्याचे चिरे चढवायला फळी लावली आहे. फळी जमिनीशी २०° कोन करते. चिरा ३० किलोचा. घर्षण गुणांक ०.३. चिरा वर सरकवायला किती बल लागेल?

वजन ३० × ९.८१ = २९४.३ न्यूटन. बल फळीला समांतर असेल तर:

२९४.३ × (साइन २०° + ०.३ × कॉस २०°) = २९४.३ × ०.६२३९ = १८३.६ न्यूटन.

बल आडवं, म्हणजे जमिनीला समांतर लावलं असेल तर आडव्या ढकलण्याने चिरा फळीवर आणखी दाबला जातो आणि घर्षण वाढतं. मग:

२९४.३ × ०.६२३९ ÷ (कॉस २०° − ०.३ × साइन २०°) = २१९.४ न्यूटन.

दोन मुलं, दोन आकडे, आणि दोन्ही गणितं अचूक. फरक फक्त प्रश्नातल्या एका शब्दाचा: 'फळीला समांतर' की 'आडवं'. तो शब्द छापील प्रश्नपत्रिकेत बोट ठेवून वाचा, आठवणीतून नको.

अजून एक. कुणाचं उत्तर १७.७ न्यूटन आलं असेल तर त्याने घर्षणाचा बाण वरच्या दिशेला काढला: साइन २०° मधून ०.३ × कॉस २०° वजा. हा आकडासुद्धा अर्थशून्य नाही. या फळीवर चिरा सोडला तर तो आपणहून खाली घसरतो, कारण टॅन २०° म्हणजे ०.३६४, आणि ते ०.३ पेक्षा जास्त आहे. तो घसरू नये म्हणून धरून ठेवायला लागणारं कमीत कमी बल १७.७ न्यूटन. प्रश्न 'वर न्यायला' असा होता की 'घसरू नये म्हणून' असा, एवढंच बघायचं. घर्षण नेहमी सरकण्याच्या, किंवा सरकू पाहण्याच्या, विरुद्ध असतं. चिरा वर जातोय तर घर्षण खाली.

माझ्या पहिल्या वर्षी हेच घडलं होतं. आकडे आता आठवत नाहीत, प्रकार आठवतो. आम्ही चौघे एकाच क्लासला जायचो आणि चढासाठी एकच सूत्र पाठ केलेलं होतं, समांतर बलाचं. प्रश्नात बल आडवं होतं. आमच्या चौघांचं उत्तर एक आलं, वर्गातल्या एका मुलीचं वेगळं. आम्ही चौघांनी मिळून तिला पटवलं की तिचं चुकलंय. तिने निमूटपणे ऐकून घेतलं, संध्याकाळभर रडली, आणि दुसऱ्या दिवशीचा केमिस्ट्रीचा पेपर तिला अवघड गेला. आमच्या सरांनी नंतर फळ्यावर सोडवून दाखवलं तेव्हा कळलं की पाचांत ती एकटी बरोबर होती. त्या चौघांत मी होतो, हे मला अजून डाचतं. हा लेख लिहायचं तेही एक कारण.

सावधान: चार जणांचं उत्तर सारखं आलं याचा अर्थ चौघं बरोबर असा होत नाही. एकाच क्लासमध्ये शिकलेली, एकच सूत्र पाठ केलेली मुलं एकच चूक करतात.

## ५. धरलेल्या गोष्टी जुळवा

आकृती जुळली, तरी आकडा वेगळा. आता दोघांनी काय धरलं होतं ते बघा.

गुरुत्वीय त्वरण. पानवल नदीवरचा कोकण रेल्वेचा पूल ६४ मीटर उंच आहे. तिथून एखादी वस्तू सुटली आणि हवेचा अडथळा धरला नाही, तर ९.८१ घेऊन जमिनीवर आपटतानाचा वेग ३५.४ मीटर प्रतिसेकंद येतो आणि वेळ ३.६१ सेकंद. १० घेऊन ३५.८ आणि ३.५८. दोघांनीही बरोबर सोडवलंय. प्रश्नपत्रिकेत किंमत दिलेली असेल तर तीच घ्यायची होती. नसेल तर दोन्ही चालतात, फक्त काय धरलं ते लिहिलेलं असावं.

कोन. आडवं ३० न्यूटन आणि उभं ४० न्यूटन यांचं परिणामी बल ५०. एकाने कोन ५३.१३° लिहिला, दुसऱ्याने ३६.८७°. बेरीज ९० आली, म्हणजे एकाने आडव्या रेषेपासून मोजला, दुसऱ्याने उभ्या. तिसऱ्याचं १२६.८७° असेल तर त्याने दुसऱ्या टोकाकडून मोजलाय, कारण ५३.१३ मिळवून १८० होतात. बेरीज ९० किंवा १८० आली की आधी आकृतीतला कोनाचा कंस बघा, मग वाद घाला.

चिन्ह. वजा आलं म्हणजे चुकलं, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. तुम्ही आधाराची प्रतिक्रिया वर धरली आणि उत्तर वजा आलं, तर ती खाली आहे. ज्याने आधीच खाली धरली त्याचं अधिक येईल. दोघांचं एकच.

रूप. ५√३ आणि ८.६६ एकच. ४π रेडियन प्रतिसेकंद, १२.५७ रेडियन प्रतिसेकंद आणि मिनिटाला १२० फेरे एकच.

### भागाकाराची युक्ती

दोन आकडे जुळत नसतील तर वजाबाकी करू नका. मोठ्याला लहानाने भागा. येणारी संख्या बऱ्याचदा चूक कुठे आहे ते सांगते:

- १.०२ च्या आसपास: एकाने ९.८१ घेतलं, दुसऱ्याने १०. वर्गमूळ घ्यायचा सम असेल तर १.०१
- ९.८१: एकाने किलो तसाच ठेवला, दुसऱ्याने न्यूटन केलं
- १०००: न्यूटन आणि किलोन्यूटन
- ३.६: ताशी किलोमीटरचे मीटर प्रतिसेकंद करायचे राहिले
- ६.२८: फेऱ्यांचे रेडियन करायचे राहिले
- ५७.३: रेडियन आणि अंश
- २: अर्ध्याचा गुणक राहिला, किंवा कप्पीवरचा दोर दोन बाजूंनी ओढतोय हे विसरलं
- १.४१: वर्गमूळ घेताना आतला २ सुटला

ही संख्या फक्त संशय दाखवते, पुरावा देत नाही. दाखवलेल्या जागी जाऊन चूक खरंच आहे का ते पाहा.

## ६. तिठा शोधा

रत्नागिरीहून निघालेल्या दोन गाड्या हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत एकाच रस्त्याने जातात. तिथून एक लांज्याकडे वळते, दुसरी संगमेश्वरकडे. एक लांज्याला आणि दुसरी चिपळूणला का पोचली, याचं उत्तर तिठ्यावर सापडतं. दोन उत्तरांचंही तसंच. तुमच्या दोघांच्या उत्तरपत्रिकांत एक ओळ अशी असते जिथपर्यंत सगळं सारखं आहे आणि जिथून वाटा फुटतात.

ती शोधायची रीत सोपी आहे. एकाने आपला सम मोठ्याने, ओळीओळीने सांगायचा. दुसऱ्याने आपल्या कागदावर बोट फिरवायचं आणि फक्त "हो" म्हणायचं. जिथे "हो" थांबतो तिथे थांबा. तिथे तीनच शक्यता असतात: प्रश्न वेगळा वाचला, समीकरण वेगळं मांडलं, किंवा समीकरण एकच पण आकडेमोड वेगळी झाली. पुढच्या ओळी सध्या वाचूच नका.

आता सुरुवातीचा संवाद परत बघा. एकाचं १८३.६, आणि दोघांचं "तीनशेच्या आसपास". ते दोघं नेमके किती म्हणत होते? एकाचं ३०६.७, दुसऱ्याचं ३०४.७. जवळजवळ जुळलं म्हणून दोघंही निवांत झाले. पण ३०६.७ हा साइन आणि कॉसची अदलाबदल केल्यावर येतो, आणि ३०४.७ हा समीकरण अगदी बरोबर असून कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिल्याने. दोन वेगवेगळ्या चुका योगायोगाने शेजारी येऊन बसल्या, आणि आकड्यांच्या जवळिकीवर विश्वास ठेवला म्हणून खरं उत्तर बाजूला पडलं. ओळीओळीने वाचलं असतं तर पहिल्याच समीकरणाला "हो" थांबला असता.

ग्रेडियनवर राहिलेला कॅल्क्युलेटर याहून धोकादायक. तिथे याच समाचं उत्तर १७४.९ येतं. हा आकडा दिसायला इतका साधा आहे की कोणी शंकाच घेत नाही.

तपासा: "जवळपास आलं" हे जुळलं म्हणून धरू नका. दोन-तीन अंकांपर्यंत जुळत नसेल तर कारण सापडलंच पाहिजे: किंमत मध्येच पूर्णांकात आणली, त्वरण वेगळं घेतलं, काहीतरी. कारण न सापडता जवळ आलेल्या उत्तरांपुढे प्रश्नचिन्ह करा.

## ७. ताळा करा

तिठा सापडला. दोघांपैकी कोण बरोबर ते कसं ठरवायचं? हात वर करून नाही, आणि वर्गात पहिला येणाऱ्याला विचारूनही नाही. सम स्वतःच सांगतो, ताळा करा.

टोकाला नेऊन बघा. फळीच्या समात घर्षण शून्य धरा. मग लागणारं बल २९४.३ × साइन २०° म्हणजे १००.७ न्यूटन. वर न्यायला घर्षणासकट यापेक्षा जास्तच लागणार, म्हणून १७.७ बाद. दुसरं टोक: चिरा सरळ उचलला तर २९४.३ लागतात. २०° सारख्या सौम्य चढावर, एवढ्या कमी घर्षणात, उचलण्यापेक्षा जास्त जोर लागतो म्हणणारं ३०६.७ पटत नाही. तसं असतं तर कोणी फळी लावलीच नसती. (चढ फारच उभा असेल तर घर्षणामुळे तसं होऊ शकतं, म्हणून हा नियम सरसकट पाठ करू नका.)

एककं बघा. बलाच्या समीकरणात एका पदाला न्यूटन आणि दुसऱ्याला न्यूटन-मीटर येत असेल तर आकडा बघायचीही गरज नाही.

दुसऱ्या बिंदूभोवती आघूर्ण (मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर) घ्या. तुळईच्या समात बहुतेकांचा ताळा इथेच फसतो. ६ मीटरची तुळई, दोन्ही टोकांना आधार. डावीकडून २ मीटरवर १२ किलोन्यूटन, ५ मीटरवर ३ किलोन्यूटन. डाव्या टोकाभोवती आघूर्ण घेतलं तर उजवी प्रतिक्रिया (२४ + १५) ÷ ६ = ६.५. डावी १५ − ६.५ = ८.५. मुलं मग ८.५ आणि ६.५ ची बेरीज करतात, १५ येतात, आणि "ताळा झाला" म्हणतात. पण डावी प्रतिक्रिया त्यांनी १५ मधून वजा करूनच काढली होती! बेरीज १५ येणारच. उजवी कितीही चुकली असती तरी आली असती. हा ताळा नव्हे. उजव्या टोकाभोवती नव्याने आघूर्ण घ्या: (१२ × ४ + ३ × १) ÷ ६ = ८.५. हा झाला ताळा.

आता समजा एकाने ३ किलोन्यूटनचं अंतर उजवीकडचं १ मीटर उचललं आणि तेच डावीकडून धरलं. त्याची उजवी प्रतिक्रिया ४.५, डावी १०.५. उजवीकडून ताळा करतानाही त्याने आपलीच चुकीची आकृती वापरली, तर (४८ + १५) ÷ ६ = १०.५, म्हणजे ताळा बेमालूम जुळतो. चुकीच्या आकृतीतून काढलेलं बरोबर उत्तर स्वतःशी नेहमीच जुळतं. म्हणून चौथा टप्पा सातव्याच्या आधी.

दुसऱ्या वाटेने या. गतीच्या समीकरणाने काढलेला वेग ऊर्जेने काढून बघा. पुलाच्या समात उंचीवरून थेट वेग काढा, मग वेळेला ९.८१ ने गुणा: ३.६१ × ९.८१ = ३५.४. जुळलं.

प्रक्षेप्याच्या (हवेत फेकलेल्या वस्तूच्या) समात वर्गसमीकरणाची दोन मूळं येतात. वजा वेळ सोडायची, पण दोन्ही अधिक असतील तर वस्तू त्या उंचीवर दोनदा येते: एकदा चढताना, एकदा उतरताना. प्रश्न कुठल्या वेळेबद्दल होता ते परत वाचा.

## ८. गुणांचा अंदाज

आता प्रत्येक उपप्रश्नासमोर तीनपैकी एक खूण करा: बरोबर, रीत बरोबर पण आकडा चुकला, रीतच चुकली.

मधल्या खुणेवर मुलं सगळ्यात जास्त अन्याय करतात. आकडा चुकला म्हणजे शून्य, असं धरून चालतात. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ आपल्या पेपरांची आदर्श उत्तरं प्रसिद्ध करतं. त्यांच्या सुरुवातीला परीक्षकांसाठीच्या सूचनांत स्पष्ट म्हटलेलं असतं की गणिती प्रश्नांना पायरीनुसार गुण द्यावेत, आणि धरलेल्या स्थिरांकांमुळे विद्यार्थ्याच्या आणि आदर्श उत्तरात थोडा फरक असू शकतो. डिप्लोमाच्या मुलांनी एक जुनं आदर्श उत्तर उतरवून घेऊन कुठल्या पायरीला किती गुण दिलेत ते बघावंच. एफबीडीला वेगळे गुण दिलेले दिसतील. ज्यांनी घाईत आकृती न काढता थेट समीकरण लिहिलं, त्यांनी तिथले गुण धरू नयेत, उत्तर बरोबर असलं तरी.

एकाच समात पहिल्या भागाचा आकडा चुकला आणि तोच पुढे नीट वापरला, तर पुढच्या भागाची रीत बरोबरच राहते. तो भाग 'गेला'त टाकू नका.

रीत चुकली ती चुकली. तिला ओढूनताणून मधल्या खुणेत बसवू नका. आणि अर्ध्या-अर्ध्या गुणाची बेरीज करत बसू नका. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, एवढे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहा.

## ९. प्रश्नच चुकला असेल तर

सगळ्यांनी टप्पे पाळूनही सम सुटत नसेल, तर माहिती अपुरी किंवा परस्परविरोधी असू शकते. 'खडबडीत पृष्ठभाग' म्हटलंय पण घर्षण गुणांक दिला नाही. आकृतीतला कोन एक आणि मजकुरातला दुसरा.

मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विषयाच्या शिक्षकांना दाखवा आणि कॉलेजच्या परीक्षा विभागामार्फत लेखी कळवा. अर्जात पेपरचा कोड, प्रश्न क्रमांक आणि नेमकी उणीव एका वाक्यात लिहा. 'प्रश्न अवघड होता' ही तक्रार होत नाही. 'प्रश्न ३ ब मध्ये घर्षण गुणांक दिलेला नाही आणि त्याशिवाय उत्तर निघत नाही' ही तक्रार.

सावधान: "या प्रश्नाचे सगळ्यांना पूर्ण गुण मिळणार" असे फिरवलेले मेसेज दर परीक्षेला येतात. विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या परिपत्रकाशिवाय त्यावर विसंबून हिशोब करू नका.

## १०. कागद निकालापर्यंत जपा

जुळवणीचा कागद फाडून टाकू नका. निकाल लागला आणि गुण तुमच्या कमीत कमी अंदाजाच्याही बरेच खाली असतील, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा विचार करा. अर्जाची मुदत आणि शुल्क परिपत्रकात असतं. मुदत थोडी असते, गावी असाल तर मित्राला कॉलेजच्या फलकाकडे लक्ष ठेवायला सांगा. छायाप्रत आली की हाच कागद शेजारी ठेवून परत ओळीओळीने जा: न तपासलेला भाग, बेरजेत राहिलेले गुण, पुरवणीतला न मोजलेला सम. अंदाज आणि गुण जुळत असतील तर अर्जाचे पैसे घालू नका.

उन्हाळी परीक्षेचा निकाल येईपर्यंत कोकणात पाऊस सुरू झालेला असतो. बॅगेत राहिलेला कागद सर्दावतो, शाईच्या पेनाने लिहिलेलं फुटतं. बॉलपेनने लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत प्रश्नपत्रिकेसोबत ठेवा आणि पिशवीवर पेपरची तारीख टाका.